जागा एक, उमेदवार दोन

आषाढ लागला आणि पावसानें ठाण मांडलें, कीं ज्या घरांत बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा वा मुलगी असते त्या घराची झोंप उडते. पूर्वीं या दिवसांत वडील माणसें माजघरांत बसून पेरणीच्या, नाहीं तर पंढरीच्या वारीच्या गोष्टी बोलत. आतां आजी-आजोबांच्या तोंडींही 'नीट'चे गुण, पहिली फेरी, दुसरी फेरी, खुला वर्ग, राखीव वर्ग असे शब्द रुळले आहेत. आणि या शब्दांच्या पाठोपाठ एक प्रश्न घरोघर पानावर येऊन बसतो: हा न्याय कीं अन्याय?

गेल्या पावसाळ्यांत पुण्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्हांला जेवणाचें बोलावणें होतें. घर नांदतें आहे. वाड्याच्या जागीं सदनिका आल्या असल्या तरी दोघे भाऊ समोरासमोर राहतात व रात्रीचीं पानें एकाच ठिकाणीं मांडलीं जातात. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, ज्यांना सारें घर नाना म्हणतें, पानाच्या मानावर बसतात. त्या रात्रीं घरावर मळभ होतें. थोरल्या नातवाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळाली नव्हती. आणि दुपारींच त्याचा शाळासोबती पेढे देऊन गेला होता. एका बाकावर बसून वाढलेलीं तीं दोन मुलें. सोबत्याचे गुण याच्याहून कमी. परंतु राखीव वर्गांतून त्याला सरकारी महाविद्यालय मिळालें. पेढ्यांचा पुडा देवापुढें न उघडतां तसाच पडून होता.

"दोन वर्षें या पोरानें बॅट हातीं धरली नाहीं," मुलाचे काका म्हणाले. "गुण याचे जास्त आणि जागा त्याला! याला अन्याय म्हणावयाचें नाहीं, तर काय म्हणावयाचें?"

काकू एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितात. आमटी वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, "अहो, याच्या शिकवणीला लाखांनीं पैसे मोजले ते घरानें. त्या मुलाचे वडील एस.टी.च्या आगारांत यांत्रिक आहेत. त्यांच्या घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला. तुम्हीं गुण तेवढे मोजलेत, हें नाहीं मोजलेंत."

"आणि उद्यां एखाद्या कलेक्टरचा मुलगा त्याच राखीव जागेवर येऊन बसला तर?"

यावर काकू गप्प राहिल्या. मुलगा खालीं मान घालून जेवत होता. नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही लिहिणारीं माणसें. सांगा पाहूं, यांत खरें कोणाचें?" आम्हांला त्या रात्रीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कांहीं दिवस आम्ही या विषयाच्या जुन्या-नव्या कागदांत शिरलों. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गाऱ्हाणें खोटें नाहीं

प्रथम हें मान्य केलें पाहिजे, कीं त्या मुलाचें दुःख खरें आहे. त्यानें कोणावर अन्याय केला नाहीं; आणि ज्या पापांचा झाडा आज मागितला जातो तीं त्याच्या जन्मापूर्वींचीं आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला इतिहासाचें बिल दाखवून "भर" म्हणणें सोपें नसतें.

परंतु दुःख खरें असलें म्हणजे त्याचें निदानही खरें असतेंच असें नाहीं. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं सुमारें २४ लक्ष उमेदवारांनीं नांवें नोंदविलीं. एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशांत एक लक्षाच्या थोड्याशा वर. त्यांतील सरकारी सुमारें निम्म्या. उद्यां सर्व राखीव जागा रद्द झाल्या तरी दाराबाहेर राहणारांची संख्या लाखांतच राहील. एस.टी.च्या गाडींत आमदारांसाठीं राखून ठेवलेलें एक बाक रिकामें असावें आणि वीस माणसें उभीं असावींत, म्हणजे वीसही जणांना वाटतें कीं हें बाक नसतें राखलें तर मीच तेथें बसलों असतों. बाकावर मात्र दोघेच मावतात. आमच्या मुलांच्या निराशेंत या भ्रमाचा वांटा मोठा आहे. खरी टंचाई जागांची आहे, आणि टंचाईंत माणूस शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहूं लागतो.

आणखी एक शब्द सुधारून घेतला पाहिजे. आपण सहज "आमच्या जागा" म्हणतों. खुली जागा म्हणजे ब्राह्मणांची किंवा इतर पुढारलेल्यांची जागा नव्हे. ती सर्वांना खुली असते, आणि राखीव वर्गांतील जो विद्यार्थी गुणांच्या बळावर तेथें बसतो तो कोणाचें कांहीं घेत नाहीं.

जुनें खातें

प्रवेशाचा हा वाद नवा नाहीं. फक्त दाराबाहेर उभें राहणाराचा चेहरा बदलला आहे. १८५६ सालीं तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला व तो नाकारण्यांत आला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलें. एका मुलासाठीं त्याला इतरांत बसविलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील व शाळाच निरुपयोगी होईल, या आशयाचें उत्तर सरकारकडून मिळालें. त्या मुलाचे गुण किती होते, हें कोणीं विचारलें नाहीं. त्याला परीक्षेपर्यंत पोहोंचूंच दिलें नव्हतें.

१८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन सादर केलें. सरकारी तिजोरी भरते ती बहुतांशीं कष्टकरी रयतेच्या घामानें, आणि तिच्यांतून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा होता. आपणां पांढरपेशांच्या आजे-पणजांचीं पदवीपत्रें भिंतीवर अभिमानानें टांगलेलीं असतात. त्यांतील बुद्धि व श्रम त्यांचे होते यांत संशय नाहीं. परंतु फी पुरी न पडणाऱ्या त्या महाविद्यालयांचा उरलेला खर्च कोणी सोसला, हें त्या चौकटींत लिहिलेलें नसतें.

कोल्हापुरास शाहू छत्रपति १८९४ सालीं गादीवर आले तेव्हां राज्यकारभाराच्या ७१ जागांपैकीं ६० ब्राह्मणांकडे होत्या, आणि कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. २६ जुलै १९०२ रोजीं, महाराज विलायतेंत असतांना, हुकूम निघाला कीं यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांतून भराव्या. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे मागासलेले, अशी व्याख्या होती. पुण्याच्या वृत्तपत्रांतून त्यावर कडक टीका झाली. हा हुकूम नोकऱ्यांचा होता. पण नोकरीआधीं शिक्षण लागतें हें महाराज जाणून होते. म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं त्यांनीं कोल्हापुरांत वसतिगृहें काढविलीं, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम काढला. १९१२ पर्यंत कारभाराच्या जागा ९५ झाल्या होत्या व त्यांत ब्राह्मण ३५ उरले होते. राज्य कांहीं बुडालें नाहीं.

चौदांतील दोन

आतां दुसरी बाजू. मद्रास इलाख्यांत सरकारी हुकुमानें वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागांची वाटणी ठरलेली होती. दर १४ जागांपैकीं ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागासलेल्या हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व हिंदी ख्रिस्ती यांना मिळून १ आणि मुसलमानांना १. येथें दुर्बलांसाठीं दार उघडें ठेवणें एवढाच प्रकार नव्हता. प्रत्येकाच्या कपाळीं जातीचा आंकडा लिहून सबंध घरच वांटून टाकलें होतें. त्याबरोबर हेंही लक्षांत ठेवलें पाहिजे, कीं तेथील ब्राह्मणांची वस्ती शेंकडा तीनच्या आसपास होती व १४ पैकीं २ म्हणजे शेंकडा १४ होतात. अन्यायाचें गणित कोठून मोजावयास आरंभ करावा, यावर त्याचें उत्तर अवलंबून असतें, तें असें.

राज्यघटना अंमलांत येतांच १९५० सालीं चंपकम् दोरायराजन् या बाईंनीं या हुकुमाविरुद्ध दाद मागितली. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यानेंही तसाच अर्ज केला. त्याच्या बाजूनें घटनेच्या मसुदा-समितींत काम केलेले अल्लादी कृष्णस्वामी अय्यर उभे राहिले. ९ एप्रिल १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनीं तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. लगेच त्याच वर्षीं घटनेची पहिली दुरुस्ती झाली, व सामाजिक आणि शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठीं विशेष तरतूद करण्याचा अधिकार कलम १५ मध्यें घातला गेला. तेव्हां डॉ. आंबेडकर कायदेमंत्री होते. ज्यांना स्वतःला उच्च शिक्षणाचा मार्ग सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीनें मोकळा झाला होता, त्यांना मदतीचा हात म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

पुढें या काट्याचें पारडें धरणारांत महाराष्ट्रीय माणसें पुष्कळ दिसतात. म्हैसूर सरकारनें तांत्रिक शिक्षणाच्या शेंकडा ६८ जागा राखल्या, तेव्हां १९६२ सालीं बालाजी खटल्यांत साताऱ्याचे न्या. गजेंद्रगडकर यांनीं लिहिलें, कीं अशा जागा सामान्यतः निम्म्याहून कमी असाव्या आणि मागासलेपण केवळ जातीवरून ठरवूं नये. १९९२ च्या मंडल निर्णयांत नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें इतर मागासवर्गांच्या २७ टक्के जागा मान्य केल्या. परंतु पन्नासाची मर्यादा घातली, आणि मागासवर्गांतील सुस्थितींत गेलेल्या कुटुंबांना वगळावयास सांगितलें. काकांच्या कलेक्टरला दिलेलें उत्तर तें हेंच. मात्र तें अनुसूचित जाती व जमातींना आजवर तसें लागू झालेलें नाहीं. अस्पृश्यतेचा डाग पगारानें धुतला जात नाहीं, असें त्या बाजूचें म्हणणें आहे. २००६ च्या कायद्यानें केंद्रीय संस्थांत २७ टक्के जागा आल्या, तेव्हां खुल्या जागा घटूं नयेत म्हणून एकूण जागा वाढविण्याची तरतूदही केली गेली. वादाचें मूळ टंचाईंत आहे, हें त्या वेळीं तरी ओळखलें गेलें.

महाराष्ट्रांत जुन्या राखीव जागा ५२ टक्के आहेत. मराठा समाजासाठीं २०१८ सालीं केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०२१ रोजीं रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्यें १० टक्क्यांचा नवा कायदा झाला आणि त्याविरुद्धही उच्च न्यायालयांत अर्ज गेले. त्यांत आर्थिक दुर्बलांचे १० टक्के मिळविले म्हणजे बेरीज ७२ होते. पन्नासाची रेघ ओलांडली जात असतांना "हें कोठें थांबावयाचें?" असें कोणीं विचारलें, तर त्याला जातीयवादी म्हणून गप्प बसविणें योग्य नव्हे. तो प्रश्न न्यायालयानेंही विचारला आहे.

आमच्याही दारीं

आर्थिक दुर्बलांचे ते १० टक्के हें प्रकरण आपल्या घरांना फार जवळचें आहे. जानेवारी २०१९ च्या घटनादुरुस्तीनें तीं जागा आली. ज्यांना इतर कोणतीही राखीव जागा लागू नाहीं व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत आहे, त्यांना ती मिळते. ७ नोव्हेंबर २०२२ रोजीं तीन विरुद्ध दोन मतांनीं न्यायालयानें ती मान्य केली. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत सरन्यायाधीश उदय लळित होते. गरिबीवर मदत द्यावयाची तर दलित-आदिवासींतील गरिबांना त्यांतून वगळणें समतेला धरून नाहीं, हा त्या मतामागील विचार होता.

ज्या काकांनीं पानावर अन्यायाचा प्रश्न काढला, त्यांनींच दोन वर्षांपूर्वीं आपल्या मुलीसाठीं तहसील कचेरींत हेलपाटे घालून हा दाखला काढला होता. यांत त्यांचें कांहीं चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्यानें दिलें तें त्यांनीं घेतलें. पण त्या मुलीचेही गुण कोणा दुसऱ्याहून कमी असतील, आणि त्या दुसऱ्याच्या घरींही त्या रात्रीं जेवण गोड लागलें नसेल.

गुण मोजतात तरी काय

यशाचा सारा भार आपण 'गुणवत्ता' या एका शब्दावर घालतों. परीक्षा निरर्थक आहे असें आमचें मत नाहीं. रोग्याच्या नाडीवर हात ठेवणाराला विषय आलाच पाहिजे, आणि राखीव जागेवरून आलेल्यालाही तींच वर्षें काढून तीच अंतिम परीक्षा द्यावी लागते, तेथें सूट नसते. परंतु प्रवेशाचा आंकडा बुद्धीबरोबर आणखी पुष्कळ कांहीं मोजतो: अभ्यासाची स्वतंत्र खोली, शिकवणीची फी, इंग्रजी बोलणारी आई, चुकलें तर आणखी एक वर्ष पोसण्याची वडिलांची ऐपत. जानेवारी २०२२ मधील वैद्यकीय पदव्युत्तर जागांच्या निकालांत न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं हेंच मांडलें, कीं खुली परीक्षा वरकरणीं समान संधि देत असली तरी त्यामागें असलेलें कुटुंबाचें भांडवल ती दाखवीत नाहीं.

आणि गुणांबद्दलचा आमचा आग्रह सर्वत्र सारखा आहे काय? खाजगी महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठीं ठेवण्यास २००५ च्या इनामदार निकालानें परवानगी दिली. तेथें गुणांबरोबर पैशाची थैली चालते. सप्टेंबर २०२३ मध्यें जागा रिकाम्या राहूं नयेत म्हणून पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता सर्व वर्गांसाठीं शून्य शतमानावर आणली गेली. म्हणजे परीक्षेस बसलेला प्रत्येकजण, ऋण गुण मिळविलेलाही, पात्र ठरला. त्या वेळीं कोणत्याही घरांत पान वाढल्यावर वाद पेटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

अमेरिकेंतही हीच विसंगति दिसते. वंश पाहून प्रवेश देण्याची हार्वर्ड विश्वविद्यालयाची रीत तेथील सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२३ रोजीं बेकायदा ठरविली. परंतु त्याच खटल्याच्या कागदपत्रांवरून अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं तेथें प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४३ हून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांचीं मुलें, देणगीदारांशीं संबंधित किंवा प्राध्यापकांचीं मुलें या सदरांतील होते. बापजाद्यांच्या नांवावर मिळणाऱ्या जागेला तेथेंही फार काळ कोणीं 'राखीव' म्हटलें नव्हतें.

राखीव जागांचा परिणाम काय होतो, याचीही कांहीं मोजणी झाली आहे. बर्ट्रांड, हॅना व मुलैनाथन या अभ्यासकांनीं भारतांतील एका राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशांचा शोध घेऊन २०१० सालीं निष्कर्ष मांडले. राखीव जागेवर आलेलीं मुलें, ज्यांच्या जागीं आलीं त्यांच्याहून खरोखरच गरीब घरांतील होतीं. आणि प्रवेशाचे गुण बरेच कमी असूनही शिक्षणाचा फायदा त्यांना झाला. हें एका बाजूचें. दुसरीकडे, ज्यांची जागा गेली त्यांचें मिळकतीचें नुकसान या फायद्याहून मोठें भरलें, आणि मुलींची एकूण संख्याही कमी झाली. दोन्ही पक्षांनीं आपल्या सोयीचें अर्धें वाक्य वाचूं नये, म्हणून आम्ही दोन्ही अर्धीं येथें दिलीं आहेत.

नानांना दिलेलें उत्तर

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों आणि नानांना आमचें मत सांगितलें. एका मुलाशीं एका मुलाची तुलना केली, तर तुमच्या नातवाला लागलेली ठेंच खरी आहे. ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सरकारी महाविद्यालय म्हणजे बक्षिसांचें कपाट नव्हे. सर्वांच्या पैशांतून, सर्वांसाठीं डॉक्टर घडविण्याची ती जागा आहे. आणि ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या तिच्या दाराशींही येऊं दिलें नाहीं, त्यांच्यासाठीं कांहीं जागा राखून ठेवणें हा अन्याय नव्हे. मात्र त्या कोणाला, किती आणि कोठपर्यंत, याचा हिशेब वेळोवेळीं नव्यानें व उघडपणें झाला पाहिजे. ज्याला आधाराची गरज उरली नाहीं त्यानें आपल्याच वर्गांतील मागे राहिलेल्याला वाट द्यावी. आणि सरकारनें जागा वाढविण्याचें आपलें काम या भांडणामागें लपवूं नये.

नाना बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "सगळें पटलें असें मी म्हणणार नाहीं. कोठपर्यंत, या प्रश्नाचें उत्तर तुम्हांलाही देतां आलेलें नाहीं. पण एक सांगतों. मीं आयुष्यभर वर्गावर शिकविलें. पहिल्या बाकावर कोण बसतात आणि शेवटच्या बाकावर कोण, हें रोज डोळ्यांनीं पाहत होतों. तीं तशीं कां बसतात, हें मात्र मीं एकदांही विचारलें नाहीं. आपापली जागा आपणच घेतात, असें वाटे."

नातू पुन्हां परीक्षेची तयारी करीत होता. त्याच्या मेजावर जीवशास्त्राच्या टिपणांच्या दोन जाड वह्या होत्या. अक्षर त्याचें नव्हतें. सोबत्यानें आणून दिल्या, असें काकूंनीं हळूच सांगितलें. त्यानें त्या घेतल्या होत्या आणि पानापानांवर स्वतःच्या पेन्सिलीच्या खुणाही केल्या होत्या. त्या दिवशींच्या पेढ्यांचें पुढें काय झालें, हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं.